पंप बंद करा, काढा प्या? लिव्हरच्या चरबीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘साठीनंतर धाप लागते ती फुफ्फुसांमुळे नव्हे. फॅटी लिव्हरची चरबी वर चढून छाती दाबते, त्यामुळे छातीच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. पंपाने (दम्याच्या इनहेलरने) लिव्हर आणखी खराब होतं, तो बंद करा. हळद, गुळवेल, मिरीचा काढा २१ दिवस, वर रोज ग्लासभर उसाचा रस. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आली की लिव्हर साफ आणि दमही गेला.’ सातारा-सांगलीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो आहे. यातला एक धागा खरा आहे, म्हणूनच बाकीचं सगळं पटकन गळी उतरतं.

<b>‘चरबी वर चढते’</b>

लिव्हर उजव्या बरगड्यांखाली, त्याच्यावर श्वासपटल, त्याच्यावर फुफ्फुस. शेजार अगदी खरा. पण लिव्हरमधली चरबी पेशींच्या आत थेंबाथेंबाने साठलेली असते, ती उठून छातीत जात नाही. दाबतं ते पोट. आतड्यांभोवती चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून वाकून चपलेचा पट्टा लावताना धाप लागते.

खरा धागा असा, की कोरिया आणि अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांमध्ये फॅटी लिव्हर असलेल्यांची फुफ्फुसं सरासरीने थोडी कमी हवा धरतात असं दिसलं आहे. फरक लहान आहे, आणि त्यावरून लिव्हरने फुफ्फुस बिघडवलं असं ठरत नाही. पोटाचा घेर, साखरेचा बिघाड, अंगातला जुना सौम्य दाह, वयाने झिजलेले स्नायू ही दोन्हींची मुळं एकच आहेत. प्रवास उलटाही होतो. झोपेत घोरताना ज्यांचा श्वास मध्येच अडकतो त्यांचा ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत राहतो, आणि त्याने लिव्हरची चरबी आणि सूज वाढते.

लिव्हरमुळे थेट दम लागतो तो सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक, गाठीगाठींचं झाल्यावर. पोटात किंवा बहुधा उजव्या छातीत पाणी होतं, नाहीतर फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फैलावतात. या दुसऱ्या प्रकारात माणसाला उठून बसल्यावर धाप वाढते आणि आडवं झाल्यावर बरं वाटतं. हृदय थकलेल्या माणसाच्या नेमकं उलट. सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ (सौम्य फॅटी लिव्हर) लिहून आलेल्याला यातलं काही लागू होत नाही.

<b>‘छाती तपासू नका’</b>

सर्वांत घातक ओळ हीच. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचा सर्वांत जास्त बळी घेतो तो हृदयविकार, लिव्हर नव्हे. म्हणून साठीच्या माणसाला नव्याने धाप लागली तर आधी ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिमोग्लोबिन. त्याच वेळी फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी.

ती नीट झाली तरच उपयोगाची. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पोटभर श्वास आणि मग एका दमात जोरात फुंकून निदान सहा सेकंद फुंकतच राहायचं. असं किमान तीनदा, आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलचे चार पफ देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. वयस्कर माणसं दोन-तीन सेकंदांत सोडून देतात. अशा अर्धवट फुंकरीवर काढलेल्या रिपोर्टवर विसंबू नका. सकाळी पंप घेतला असेल तर सांगा. महिन्याभरात मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर तेही आधीच सांगा, कारण फुंकताना डोळ्यावर आणि छातीवर ताण येतो.

रिपोर्टमध्ये दोन आकडे बघा. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) भागिले एफव्हीसी (पूर्ण फुंकरीत बाहेर पडलेली हवा) हे औषधानंतरही ०.७० च्या खाली असेल तर श्वासनळ्या अरुंद आहेत, सीओपीडीचा, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, संशय घ्यायचा. (सत्तरीपुढे हे गुणोत्तर वयानेही थोडं उतरतं, म्हणून जेमतेम ०.६८ वर लगेच शिक्का मारू नये.) गुणोत्तर चांगलं पण एफव्हीसीच कमी असेल तर फुफ्फुसं पुरती फुगत नाहीत. फॅटी लिव्हरसोबत बहुधा दिसतो तो हा दुसरा नमुना.

आणि डॉक्टरांना आयुष्यभराचं काम सांगा. ‘बिडी ओढत नाही’ एवढ्यावर थांबू नका. गुऱ्हाळावर चुलवणापुढे चिपाडं सारण्यात गेलेले हंगाम, सांगलीच्या यार्डात हळद पॉलिशची धूळ, तासगावकडे बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी, खडी क्रशर. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या आजीने कधी बिडीला हात लावलेला नसतो, तरी तिला सीओपीडी होतो.

<b>‘पंपाने लिव्हर खराब होतं’</b>

इथे आकडेच बोलू द्या. साल्बुटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, चाळीस पफ एका घोटात. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची ४०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल दोन वेळा ओढली तर दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम. पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी १०,००० मायक्रोग्रॅमची. दोन स्टेरॉइडांची ताकद सारखी नसते, त्यामुळे ही तुलना ढोबळच, पण अंदाज येतो. शिवाय ब्युडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो त्यातला सुमारे ९० टक्के लिव्हरच पहिल्या फेरीत मोडून टाकतं.

लिव्हरवर चरबी चढवणारं स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात घेतलेलं असतं. ‘दम्याची खात्रीची पुडी’ घेतल्यावर भूक खवळली, चेहरा गोल झाला, साखर वाढली, तर पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या. आणि ती आपल्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून उतरवत न्या.

पंप अगदीच बिनघोर आहे असं नाही. तोंड येतं, आवाज बसतो, सीओपीडीत स्टेरॉइडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. पहिल्या दोन तक्रारी चूळ भरून थुंकल्याने बऱ्याच टळतात. पण बहुतेकांचं बिघडतं ते पद्धतीत. पंप हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच <i>सावकाश</i> तीन ते पाच सेकंद आत ओढायचा, दहा सेकंद धरायचा. कॅप्सूलवाल्या यंत्राचं उलट: <i>जोरात</i> ओढायचं, आणि त्यात फुंकायचं मुळीच नाही, नाहीतर ओलाव्याने पूड चिकटते. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे कॅप्सूलची डबी उघडी राहिली तरी तेच होतं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही कमी नाहीत. सांधे धरलेल्या बोटांनी दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा.

<b>‘एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर साफ’</b>

एक नमुना घ्या. वय ६८, एसजीओटी (एसजीपीटीची जोडीदार तपासणी) ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.९० लाख. लॅबच्या कागदावर एकही आकडा ठळक छापलेला नाही. आता फिब-४ काढू, म्हणजे लिव्हर कडक झालंय का याचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी: २,५८४. प्लेटलेट हजारांत १९०, त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने गुणा: १,१४०. भागाकार २.२७. पासष्टीच्या आत १.३ आणि पासष्टीपुढे २.० च्या खाली असेल तर लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी. इथे आकडा वर गेला, म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) हवा. तीन तास उपाशी जायचं, आणि ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर बहुधा काळजी नाही. सगळं ‘नॉर्मल’ असून पुढची तपासणी लागते ती अशी. दारू घेत नाही म्हणून फॅटी लिव्हर नाही, हा समजही याच जातीचा.

<b>काढा आणि रस</b>

आमटी-भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल तक्रार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच. प्रश्न कॅप्सूल आणि अर्काच्या डोसचा आहे. हळदीच्या अशा गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि अनेकांत सोबत मिरीचा अर्क होता. तो हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त शोषू देतो. म्हणजे मेसेजमधली जोडी नेमकी तीच. गुळवेलीचं तसंच: कोविडकाळात ती नेमाने घेतलेल्यांना कावीळ झाल्याचं भारतातल्याच डॉक्टरांनी नोंदवलं.

उसाच्या रसाबद्दल आपल्या भागात बोलणं अवघड, पण २०० मिलिलिटरमध्ये २५-३० ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. लिव्हर तिचीच चरबी करतं. गूळही बहुतांश तीच साखर.

वजन उतरवणं हा उपाय खरा. मूळ वजनाच्या ५ टक्क्यांनी चरबी घटते, ७ टक्क्यांनी सूज, १० टक्क्यांपर्यंत गेलं तर कडकपणाही उतरू शकतो. ७२ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे ५ किलो, सहा महिन्यांत. आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर नको, कारण उपासाने म्हातारपणी स्नायू आधी जातात आणि श्वास ओढणारेही स्नायूच. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत. अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. सीओपीडीने आधीच किडकिडीत झालेल्याने मात्र वजन मुळीच उतरवू नये.

ज्यांनी काढा सुरू केलाच आहे त्यांनी तो आजच थांबवावा. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेलेली, यातलं काहीही दिसलं तर बिलिरुबिन (काविळीची तपासणी), एसजीपीटी आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) त्याच दिवशी करा. डॉक्टरांकडे जाताना काढ्याचं पाकीट, पुडी, बाटली जे असेल ते सोबत न्या. पंप चालू ठेवा.