कमाटीबाग आणि महाराजांचं वय

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा बडोद्याच्या कमाटीबागेबद्दलचा तो मेसेज फिरला: 'सयाजीराव महाराजांनी १८७९ साली कमाटीबाग उभारली.' खाली हात जोडलेल्यांची रांग. महाराजांबद्दल माझा आदर तसूभरही कमी नाही, बडोद्यातल्या मराठी घरात वाढल्यावर तो कमी असणं शक्यच नसतं. पण जरा वजाबाकी करा की! महाराजांचा जन्म मार्च १८६३चा. नाशिककडच्या कवळाणे गावाहून दत्तक आले १८७५ साली. बाग झाली तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे, शिक्षकांपुढे बसून धडे गिरवत होते. कारभार हाती आला तो थेट डिसेंबर १८८१च्या अखेरीस.

मग तोवर राज्य कोण चालवत होतं? दिवाण सर टी. माधवराव. तंजावरकडचे मराठी, जन्म कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि आधीचे महाराज मल्हारराव यांना गादीवरून उतरवल्यावर बडोद्याचे. हाती आलं ते पार घडी विसकटलेलं संस्थान. त्यांच्याच दिवाणगिरीत विश्वामित्रीकाठची शंभराहून जास्त एकर जमीन लोकांना हिंडाफिरायला मोकळी झाली आणि प्राणिसंग्रहालयही सुरू झालं. नदीकाठ झाडांसाठी राखला गेला हेही बरंच झालं म्हणायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री कशी पसरली ते आपण बघितलंय, तिथे सोसायट्या असत्या तर? त्रिवेंद्रममध्ये माधवरावांचा पुतळा आहे, त्या भागाला लोक नुसतं 'स्टॅच्यू' म्हणतात. आपल्याकडे माधवराव म्हटलं की पेशवे आठवतात.

महाराजांचं मोठेपण मला पुढच्या काळात दिसतं. माणसं हेरून आणणं हा त्यांचा खरा हात. बागेतलं म्युझियम १८९४चं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागांची आखणी लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेल्या विल्यम गोल्डरिंगने केली, हे किती जणांना माहीत आहे? आणि १८९३ मध्ये आला गुस्ताव क्रुम्बिगल. ड्रेस्डेनकडचा जर्मन, तोही क्यूमध्ये काम करून आलेला. बडोदा संस्थानच्या बागा, महाराजांच्या उटीच्या बंगल्याची बाग, हे सगळं त्याने बघितलं. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याला उचललं आणि मग बंगळूरच्या लालबागेचा तो सर्वेसर्वा झाला. तिकडे लालबागेत त्याच्या नावाचा हॉल होता, तो २०१७ मध्ये पाडला गेला, पण जवळच त्याच्या नावाचा रस्ता आहे. आपल्याकडे तो पंधरा वर्षं होता. दांडिया बाजारात उभं राहून कुणालाही त्याचं नाव विचारून बघा.

क्यूची ही माणसं ज्या हवेत शिकली, ती पाण्यातल्या लिलीच्या वेडाची हवा होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ती परातीसारख्या पानांची प्रचंड लिली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फुलली १८४९ साली, जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याच्या हातून. पानाला किती वजन पेलतं हे बघायला पठ्ठ्याने स्वतःच्या मुलीलाच त्यावर उभं केलं! पान उलटं केलं की खाली काटेरी शिरांचं जाळं दिसतं. त्या शिरांची रचना मनात ठेवून त्याने १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनाचा काचमहाल रचला. दुसऱ्याच वर्षी क्यूमध्ये लिलीसाठी वेगळं काचघर बांधलं गेलं. ही सगळी माळ्याच्या नजरेची करामत आहे, राजाच्या नव्हे.

माझ्या गच्चीत एका टबात निळी लिली आहे, डासांसाठी खाली गप्पी मासे. सकाळी ऊन चढलं की फूल उघडतं, दुपारी मिटतं, असं तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी मधोमध पाण्यासारखा रस साठलेला असतो. दुसऱ्या फुलावरून आलेली माशी आत घसरते, तिच्या अंगावरचा पराग धुतला जातो, कधी ती तिथेच बुडून मरते. दुसऱ्या दिवशी रस गायब आणि तेच फूल स्वतःचा पराग देऊ लागतं. एवढं बघायला पोरांना तळ्याच्या काठाशी चवड्यावर बसायला जागा हवी आणि शेजारी चार ओळींची पाटी हवी. आपण पोरांना कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळापुढे उभं करतो, फोटो काढतो आणि सेवउसळ खायला निघतो. (सेवउसळीवर माझा राग नाही, गैरसमज नसावा.)

माझं म्हणणं एवढंच आहे की कमाटीबागेत महाराजांच्या नावाशेजारी माधवराव आणि क्रुम्बिगल यांची नावं लागावीत, मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही भाषांत. त्याने महाराजांना कमीपणा येत नाही. गुणी माणसाला मान देण्यात ते स्वतः कधी मागे राहिले नाहीत, त्यांच्या नावाने आपण का राहतो?

आणि या माळ्यांच्या हाताखाली राबलेले शेकडो हात तर आपलेच होते. वाडीत, दांडिया बाजारात, राजमहाल रोडला कुणाचे पणजोबा संस्थानच्या बागांत कामाला असतील, घरात एखादा जुना फोटो, पगाराचा कागद, बियाणांची वही पडून असेल, तर कमेंटमध्ये टाका. अक्षर लागत नसेल तर मोडी वाचणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत.