अट गाळली की तथ्य खोटं होतं

"उत्तर गोलार्धात बेसिनमधलं पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत खाली जातं आणि दक्षिण गोलार्धात सुलट." हे वाक्य दर काही महिन्यांनी नवं चित्र लावून फिरायला लागतं. खाली लगेच दोन तट पडतात. एकाला ते अद्भुत वाटतं, दुसऱ्याला थाप. मला दोघांबद्दलही वाईट वाटतं, कारण दोघांच्याही हाती आलेल्या वाक्यातून मुख्य भागच काढून टाकलेला असतो. भांडं केवढं? पाणी किती वेळ स्थिर ठेवलं होतं? भोक किती मोठं होतं?

याची नीट परीक्षा झालेली आहे. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या ॲशर शपिरो यांनी सुमारे १.८ मीटर व्यासाची गोल टाकी घेतली. पाणी १५ सेंटीमीटर खोल, बरोबर मध्यभागी जेमतेम १ सेंटीमीटरचं भोक. टाकी भरताना पाणी मुद्दाम सुलट दिशेने फिरवलं, मग हवेच्या झुळका लागू नयेत म्हणून वर प्लॅस्टिक पसरलं आणि पूर्ण २४ तास हात लावला नाही. त्यानंतर भोक उघडलं. टाकी रिकामी व्हायला सुमारे २० मिनिटं लागली. पहिली कितीतरी मिनिटं काहीच दिसलं नाही. शेवटी शेवटी मात्र मधोमध तरंगणारा लाकडी तुकडा स्पष्टपणे उलट दिशेने फिरू लागला. १९६५ मध्ये दक्षिण गोलार्धात, सिडनीला, असाच प्रयोग झाला आणि तिथे तो सुलट फिरला.

म्हणजे तथ्य खरं आहे, पण २४ तास शांत ठेवलेल्या, अगदी सममित टाकीत. पाण्याला ही दिशा मिळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे, आणि पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंशच फिरते, इतका तो परिणाम मंद आहे. नळातून पडलेल्या पाण्यात त्याच्या हजारो पट जास्त गरगर आधीच असते. घरी पाहायचं असेल तर बेसिन भरा, हाताने एकदा डावीकडे ढवळा, पाच मिनिटं थांबा, बूच काढा. मग उजवीकडे ढवळून तेच करा. पृष्ठभाग तुम्हाला स्थिर दिसत असला तरी पाणी बहुतेक वेळा तुमच्या हाताची दिशा लक्षात ठेवून असतं. विषुववृत्तावर दोन पावलं इकडे-तिकडे जाऊन पर्यटकांना पाण्याची दिशा बदलून दाखवतात, ती करामतही पाणी ओतणाऱ्याच्या हाताची. प्रत्यक्ष विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो. चक्रीवादळ मात्र शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि दिवसचे दिवस चालतं, म्हणून त्याला पृथ्वीचं फिरणं वळवू शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: लोक जो भाग "कंटाळवाणा" म्हणून गाळतात, त्यातच विज्ञान असतं. आकडा आणि अट काढून घेतली की उरतं ते फक्त आश्चर्य, आणि नुसतं आश्चर्य खोट्या गोष्टीनेही तितकंच वाटतं.

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" हे तर शिकलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे केंद्रापासूनचं अंतर फारसं वाढलेलंच नाही आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्यावर वजनकाटा ठेवला, तर ६० किलोचा माणूस ५३ किलो भरेल. स्थानकातली माणसं तरंगतात कारण ती आणि स्थानक एकत्र पडत असतात. स्थानक सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर पुढे जातं आणि त्याच सेकंदात ४.३ मीटर खाली पडतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे ७.७ किलोमीटर पुढे गेल्यावर जमीनही तेवढीच, ४.३ मीटर, खाली वळलेली असते. म्हणून पडणं संपत नाही.

हे पाहायला रॉकेट लागत नाही. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळापासून ३ सेंटीमीटर वर, तापवलेल्या खिळ्याने ३ ते ४ मिलिमीटरचं भोक पाडा. बोट लावून बाटली पाऊण भरा, झाकण काढून ठेवा. बोट काढलं की धार लागेल. आता उंचावरून बाटली सोडून द्या: धार तिथल्या तिथे थांबते. धार लागते ती वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो म्हणून, आणि सगळं एकत्र पडत असताना कोणाचाच भार कोणावर पडत नाही. दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंदच लागतात, तेव्हा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा. झाकण लावलेलं राहिलं तर हा प्रयोग फसवतो, कारण मग आत हवा शिरत नाही, धार तशीही थांबते आणि आपल्याला वाटतं सिद्ध झालं. दुसरी चूक म्हणजे सोडताना बाटलीला गिरकी बसणं. गिरकीमुळे पाणी बाहेर फेकलं जातं.

यातला मला सर्वात आवडणारा भाग पुढे आहे. हीच बाटली सरळ वर फेका. हातातून सुटल्या क्षणी, ती वर जात असतानाच, धार थांबते. वर जाणारी वस्तूसुद्धा भौतिकशास्त्राच्या भाषेत मुक्त पतनातच, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढीखाली, असते. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं त्याला कक्षा म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चीनची भिंत अंतराळातून दिसते, हे तर गणितानेच निकालात निघतं. साधारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखते. ४०० किलोमीटरवरून हे अंतर सुमारे ११६ मीटर होतं आणि चंद्रावरून ११२ किलोमीटर. भिंतीची रुंदी मीटरमध्ये एक आकडी. इथेही एक अट आहे, ती प्रामाणिकपणे सांगायलाच हवी: लांबच लांब सरळ रेघ रंगाने उठून दिसत असेल तर या मर्यादेपेक्षा बारीक असूनही जाणवू शकते. भिंत मात्र आजूबाजूच्या मातीदगडाच्याच रंगाची आहे आणि वळणावळणाने जाते. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आल्यावर त्यांनीही ती दिसली नसल्याचं सांगितलं होतं.

आता चंद्र. उगवतीचा पूर्ण चंद्र प्रचंड दिसतो आणि "वातावरण भिंगासारखं काम करतं" असं उत्तर तयार असतं. ते चूक आहे. पंचिंग मशीनने कागदाला पाडलेलं भोक ६ मिलिमीटरचं असतं. हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून त्यातून उगवता चंद्र पाहा. भोकात तो जेमतेम पण पूर्ण मावेल, कारण चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. चार तासांनी, हात तेवढाच ताणून, पुन्हा पाहा. तितकाच मावेल. काटेकोर बोलायचं तर क्षितिजावरचा चंद्र किंचित लहानच असतो. डोक्यावर आलेल्या चंद्रापेक्षा तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढा दूर असतो आणि ३,८४,४०० किलोमीटरमध्ये त्याने दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो. वातावरण त्याला मोठं करत नाही, उलट प्रकाशाच्या अपवर्तनामुळे (हवेतून येताना वाकण्यामुळे) उभ्या दिशेने थोडं चेपतं. मोठेपणा मेंदूत तयार होतो. तो नेमका कसा, यावर संशोधकांचं आजही पूर्ण एकमत नाही. कमरेत वाकून पायांमधून उलटं पाहिलं तर पुष्कळांना तो मोठेपणा कमी झालेला जाणवतो. ज्यांना पाठीचा किंवा चक्करेचा त्रास आहे त्यांनी हे करू नये, कागदाचं भोक पुरे.

त्याच अपवर्तनाची आणखी एक करामत: क्षितिजाजवळ प्रकाश अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वाकतो. सूर्याचा व्यासही अर्धाच अंश. म्हणजे मावळत्या सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो.

मेंदूबद्दलची सर्वात लोकप्रिय थाप, "आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो", हिच्यावर जास्त शब्द घालवायची इच्छा नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही एकूण ऊर्जेच्या वीस टक्क्यांच्या आसपास खातो. नव्वद टक्के भाग रिकामा असता तर एवढा खर्च शरीराला कशाला परवडला असता? याहून कितीतरी चकित करणारी खरी गोष्ट आपल्या डोळ्यातच आहे.

पांढऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि उजवीकडे, बरोबर ८ सेंटीमीटरवर, १ सेंटीमीटर व्यासाचा काळा ठिपका. डावा डोळा मिटा. उजवा डोळा फुलीवर रोखून कागद अर्ध्या मीटरवरून हळूहळू जवळ आणा. २८ ते ३० सेंटीमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल, आणखी जवळ आणलात की परत येईल. नाहीसा झाला नाही तर तीनपैकी एक कारण असतं. नजर नकळत ठिपक्याकडे सरकली (हे बहुतेकांचं होतं), डोकं तिरकं झालं, किंवा ठिपका फार मोठा काढला. अंधबिंदू, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही ती जागा, नजरेच्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर आणि किंचित खाली असतो, म्हणून मान कलली की गणित बिघडतं.

दृष्टिपटलावरचे (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरचे) सुमारे दहा लाख मज्जातंतू एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नाहीत. माणसाच्या डोळ्यात ही तंतूंची वायरिंग दृष्टिपटलाच्या पुढच्या बाजूने आहे, म्हणून तिला मागे जायला भोक लागतं. ऑक्टोपसच्या डोळ्यात ती मागूनच जाते, त्याला अंधबिंदू नाही. आपला अंधबिंदू फ्रान्सचे शास्त्रज्ञ एड्म मारियॉत यांनी १६६० च्या दशकात प्रथम दाखवला. तो साडेपाच अंश रुंद आहे. आकाशात अकरा पूर्ण चंद्र एका ओळीत मांडले तर सगळे त्यात लपतील, एवढा!

आता त्याच ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ काढा आणि प्रयोग पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते. रंगीत कागद घेतला तर रिकामी जागा त्या रंगाने भरते. यावरून "आपल्याला दिसतं ते सगळं खोटंच" असा निष्कर्ष काढणाऱ्या पोस्टही असतात आणि त्या मला पटत नाहीत. दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, अंदाज करायची वेळच येत नाही. एक डोळा मिटला तरच मेंदू आजूबाजूचं पाहून भर घालतो, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते.

आरशाचा प्रयोग याहून सोपा. २० सेंटीमीटरवर आरसा धरून एकदा डाव्या, एकदा उजव्या डोळ्याकडे पाहा. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. समोरच्या माणसाला ते स्पष्ट दिसतात. नजर उडी मारते त्या काही शतांश सेकंदांत मेंदू दृश्य दाबून टाकतो. आता आरशाऐवजी सेल्फी कॅमेरा वापरा: पडद्यावरचं चित्र जरा उशिरा येत असल्यामुळे डोळे हलल्याचं दिसतं. टिकटिक करत पुढे जाणाऱ्या सेकंदकाट्याकडे अचानक नजर वळवली की पहिला सेकंद लांबल्यासारखा वाटतो, तोही याच व्यवस्थेचा भाग. एकसंध सरकणाऱ्या काट्यावर हे जमत नाही.

शेवटचं एक, ज्याला फक्त कॅलेंडर लागतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वात दूर, १५.२ कोटींवर. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला असल्यामुळे होतात. मात्र अंतराची खूण कॅलेंडरवर उमटते: जवळ असताना पृथ्वी जोरात पळते. मार्चच्या संपातापासून (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसापासून) सप्टेंबरच्या संपातापर्यंतचे दिवस मोजा, सुमारे १८६ भरतील. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सुमारे १७९. फेब्रुवारी लहान असल्याने असं होतं, हे उत्तर चुकीचं आहे, कारण आपण महिने मोजलेले नाहीत, दिवस मोजलेत.

आणि पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी मारायला २४ तास नव्हे, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात, हे दोन निरभ्र रात्रींत तपासता येतं. दूरच्या इमारतीच्या उभ्या कडेआड एखादा तारा कधी जातो ती वेळ सेकंदापर्यंत लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री तो ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जाईल. डोळा दोन्ही रात्री त्याच जागी हवा: इमारत २० मीटरवर असेल तर डोकं आडवं १ सेंटीमीटर सरकलं तरी सुमारे ७ सेकंदांची चूक येते. खिडकीच्या गजाला हनुवटी टेकवून जागा पक्की करा, आणि लुकलुकणारा तारा निवडा. स्थिर तेजाने चमकणारा बहुधा ग्रह असतो, तो ताऱ्यांमधून स्वतः सरकत असल्यामुळे उत्तर बिघडवतो.