पेअरिंग 'सेट' केलेली नव्हती: परभणीच्या बुद्धिबळ स्पर्धेबद्दल खुलासा

ग्रुपवर कालपासून मेसेज फिरायलाय की रविवारच्या स्पर्धेत आयोजकांनी लॅपटॉपवर जोड्या हातानं लावल्या, अन् सारखे 5 पॉइंट असून एका लेकराला मुद्दाम तिसरा नंबर दिला. लॅपटॉपवर मीच बसलो होतो, म्हणून सांगतो, हे खरं नाही.

स्पर्धा स्विस लीग पद्धतीनं होती, ही पद्धत 1895 ला झुरिकमधी पहिल्यांदा वापरली. पोरं होती 40, सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं तर 39 फेऱ्या लागल्या असत्या, आपल्याकडं होता एक दिवस, म्हणून 6 फेऱ्या. हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही, दर फेरीला शक्यतो सारख्या पॉइंटवाल्यांची गाठ पडते, एकदा खेळलेली जोडी परत पडत नाही, पांढऱ्या-काळ्याचा मेळ बी सॉफ्टवेअरच बघतं. मी फक्त निकाल भरत होतो.

आता तिसऱ्या नंबरचं. पॉइंट सारखे झाले की बुखोल्झ बघतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या पॉइंटची बेरीज. दुसऱ्या नंबरवाल्याची 22 होती, या लेकराची साडेएकोणीस. त्याचे प्रतिस्पर्धी पुढं जास्त हरले, त्यात त्याचा काहीच दोष नाही, लेकरू खरंच भारी खेळलं. पण हा नियम एन्ट्री फॉर्मवरच छापला होता अन् दर फेरीचा तक्ता भिंतीवर लावला होता. सगळे तक्ते जपून ठेवलेत, पालकांनी कधीबी येऊन स्वतः बेरीज करून बघावी.