'खेड्यातल्या वाचनालयाला वेबड्युई कशाला?' या मेसेजला उत्तर

ग्रंथालयवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्यांच्या विद्यार्थ्यांना वेबड्युई (पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाची ऑनलाइन आवृत्ती) आणि आरडीए टूलकिट (पुस्तकाची नोंद कशी करायची याचे नियम देणारं ऑनलाइन साधन) परवडेल अशा दरात मिळावं, अशी मागणी काहींनी केली. तिला मारलेला हा टोला. मेसेज म्हणतो की ही चैन आहे, खेड्यातल्या 'ड' वर्ग (सरकारी श्रेणीत सर्वांत खालच्या) वाचनालयात याचा उपयोग शून्य. ड्युईचे जुने खंड विभागात आहेतच, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुस्तकांच्या तयार नोंदी फुकट मिळतात आणि उरलंसुरलं आता एआय करून देतो. खाली नेहमीप्रमाणे 'पटलं तर पुढे पाठवा'. वऱ्हाडातल्या आमच्या ग्रुपांवर त्याला भराभर अंगठे पडले. मी तालुक्याच्या गावी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळतो, शनिवार-रविवारी वर्गीकरण-तालिकीकरणाचं (पुस्तकाला विषयाचा अंक देणं आणि त्याची नोंद करणं) प्रॅक्टिकल घेतो. मला तो पटला नाही, म्हणून पुढे पाठवण्याऐवजी हे लिहितो आहे.

जुन्या खंडांपासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. 'विभागात आहेतच' म्हणताना कितवी आवृत्ती आहे, हे कोणी सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी १९७९ ची एकोणिसावी. तिच्यात संगणकाला ००१.६४ खाली जागा आहे. विसाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९८९ पासून, तो विषय ००४ ते ००६ मध्ये गेला. जीवशास्त्र विसाव्या आवृत्तीपर्यंत ५७४ होतं, १९९६ च्या एकविसाव्यात ते ५७० वर आलं. म्हणजे आज बावीस वर्षांची मुलगी तिच्या जन्माआधी मोडीत निघालेले वर्गांक घोकते आणि मुलाखतीला गेली की तोंडघशी पडते. तेविसावी आवृत्ती घ्या म्हणाल, तर ती छापली गेली २०११ मध्ये आणि तेलंगणा राज्य झालं २०१४ मध्ये. सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की जे राज्य लागतं, ते राज्य म्हणून त्या छापील खंडांत असणं शक्यच नाही. असे बदल ऑनलाइन आवृत्तीत होत राहतात, कपाटातल्या खंडात आपोआप उतरत नाहीत.

आणि प्रश्न फक्त जुन्या-नव्याचा नाही. महाराष्ट्रातल्या कापूसशेतीवरचं पुस्तक घ्या. कापूस ६३३.५१, त्याला पुढे स्थळ येतं हे सुचवणारा ०९ आणि महाराष्ट्राचा ५४७९२ जोडला की ६३३.५१०९५४७९२. ही जोडणी छापील खंडावरून शिकवता येते, मी शिकवतोच. पण पुढचं पुस्तक टेबलावर येतं ते विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचं. आमच्याकडे अशी पुस्तकं, अहवाल, प्रबंध कमी नाहीत. ते कुठे ठेवायचं? आत्महत्या हा सामाजिक प्रश्न म्हणून ३६२.२८, की कर्ज आणि कापसाचा भाव हा गाभा म्हणून शेतीच्या अर्थकारणात, ३३८.१ खाली? छापील निर्देशीत 'आत्महत्या' काढली की तिथे १७९.७ सुद्धा भेटतो, तो नीतिशास्त्राचा. एकाने तर तोच लावून टाकला होता. वेबड्युईत त्या अंकाची वरची-खालची उतरंड, टिपा आणि जोडलेली विषयशीर्षकं (विषयांची ठरवून दिलेली नावं) एका पडद्यावर दिसतात. निर्णय तरी विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो, पण तो काय वाचून घेतला हे त्याला सांगता येतं. प्रॅक्टिकल असतं ते यासाठी.

आता 'खेड्यात उपयोग शून्य'. हाच नियम लावायचा तर रंगनाथनांचं कोलन वर्गीकरण, ही ड्युईहून वेगळी भारतीय पद्धतही अभ्यासक्रमातून काढा. 'ड' वर्ग वाचनालयात कोलनने लावलेली कपाटं मी अजून पाहिलेली नाहीत, तरी कोलनचं प्रॅक्टिकल आपण इमानेइतबारे घेतो. आणि बी.लिब. झालेलं पोरगं गावच्याच वाचनालयात बसेल हे कोणी ठरवलं? ते नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात अर्ज करतं, नेट-सेटला बसतं. नेटच्या अभ्यासक्रमात आरडीए, शिवाय मार्क २१ आणि बिबफ्रेम हे नोंदींचे संगणकीय साचे नावानिशी आहेत. परीक्षेत विचारायचं आणि हाताळायला द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

गावातही उपयोग आहे, तो दिसत नाही एवढंच. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घ्या, संपादक सहा जण. आरडीएच्या आधीच्या एएसीआर २ या नियमावलीप्रमाणे जबाबदारीच्या निवेदनात (लेखक-संपादकांची नावं देण्याच्या जागेत) तीनपेक्षा जास्त नावं असली की पहिलं ठेवायचं आणि बाकीच्यांना 'व इतर' करून टाकायचं. आरडीएत सगळी नावं देता येतात. ती स्मरणिका जगात दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात असण्याचा संभव कमी. तिच्या नोंदीतून गावातल्याच पाच माणसांची नावं गाळायची की ठेवायची, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या ग्रंथपालापुढे येणार नाही, दारव्ह्याच्या ग्रंथपालापुढे येईल.

कोहा फुकट आहे हे खरं. न्यूझीलंडमधल्या एका लहान सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्थेसाठी ते तयार झालं आणि २००० पासून जगाला खुलं आहे. मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण कोहा म्हणजे रिकामी कणगी, धान्य आपणच भरायचं. नोंदीतल्या ०८२ या क्षेत्रात वर्गांक भरायची चौकट ते देतं, चौकटीत काय लिहायचं ते सांगत नाही. विषयशीर्षकाच्या ६५० या क्षेत्राचंही तेच.

मग मेसेजवाले म्हणतात, तयार नोंद ओढून घ्या. घ्या ना! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतं, त्यामुळे मराठी नोंदी तिथे भरपूर आहेत. पण नोंदीतलं शीर्षक बहुधा रोमन लिपीत असतं आणि त्या लिप्यंतराचे नियम वेगळे आहेत. 'श'साठी एसच्या डोक्यावर तिरकी खूण, 'ळ'साठी एलखाली टिंब, आणि अकारान्त शब्दाच्या शेवटी 'ए' हे अक्षर. शीर्षकातला 'देशमुख' तिथे 'देशमुखा'सारखा लिहिलेला. आधार कार्डावरचं स्पेलिंग टाकून शोधलं तर पुस्तक सापडेलच असं नाही. मुलं 'सर, नाही जी हे पुस्तक तिथं' म्हणून मोकळी होतात, आणि पुस्तक तिथे असतं. बरं, नोंद सापडली, कोहात उतरवली, तरी आपला वाचक शोधणार देवनागरीत. त्यासाठी ८८० क्षेत्रात देवनागरी रूप भरावं लागतं. तयार नोंद तपासायलाही तालिकीकरण यावं लागतं.

एआयबद्दल थोडक्यात. वर्गांक विचारला की तो देतो, ठामपणे देतो, कधी बरोबरही देतो. पण बरोबर की चूक हे कशावर पडताळायचं? परत वेबड्युईच लागते.

पैशाचा मुद्दा मात्र टाळणार नाही, कारण मेसेजातली तेवढी चिंता रास्त आहे. या वर्गण्या डॉलरमध्ये आहेत. ज्याचा बाप सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसला आहे, त्या विद्यार्थ्याने ती भरावी असं कोणीच म्हणत नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये हे आलंच असेल, असाही एक प्रतिसाद वाचला. नाही आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली केंद्र सरकारची ती ६,००० कोटींची योजना संशोधन नियतकालिकांसाठी आहे.

पण साधनांचा निम्मा भाग आजही फुकट आहे आणि तोच वर्गात सांगितला जात नाही, याचा दोष आम्हा शिकवणाऱ्यांकडे जातो. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं, ती लावण्याची नियमपुस्तिका, त्यांचे वर्गीकरणाचे तक्ते, मार्क २१ ची पूर्ण माहिती, मराठीचा लिप्यंतर तक्ता, हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. वरच्या शेतकरी आत्महत्यांच्या पुस्तकाला 'शेतकरी' या शीर्षकाखाली 'आत्मघाती वर्तन' हा उपविभाग जोडायचा, हे त्यातूनच कळतं, एक पैसा न देता. अडतं ते ड्युईच्या चालू आवृत्तीपाशी आणि आरडीएपाशी.

तिथे विद्यापीठाने पुढे यावं. आरडीए टूलकिटचा दर एकाच वेळी किती जण वापरणार यावर ठरतो. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तीन विद्यापीठांनी मिळून थोड्या जागा घ्यायच्या, पाळ्या लावायच्या आणि विद्यार्थी-दरासाठी एकत्र बोलणी करायची. सुटं कॉलेज दर विचारायला गेलं तर त्याला कोण भाव देणार? पाळ्या लावताना एक बघा. बाहेरून शिकणारी आमची बरीच मुलं दिवसा कुठेतरी कामावर असतात, धारणी-एटापल्लीकडे दिवसाच्या विजेचा आणि रेंजचा भरवसा नसतो. सकाळी अकरा ते पाच अशी सरकारी वेळ ठेवली तर जागा रिकाम्या राहतील, आणि पुढच्या वर्षी 'बघा, कोणी वापरतच नाही' असा नवा मेसेज येईल. रात्री आठ ते अकरा आणि रविवार, या वेळा त्यांच्यासाठी राखून ठेवा.