[संदर्भ हवा] दिसलं म्हणजे वाक्य खोटं? तसं नसतं ना भाऊ

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, जो तो न वाचता पुढे ढकलतोय. त्यात म्हटलंय की विकिपीडियावर ज्या वाक्याच्या शेवटी [संदर्भ हवा] अशी बारीक खूण दिसते ते वाक्य खोटं, खुद्द विकिपीडियानेच कबूल केलंय. ज्याला खूण नाही ते सगळं तपासलेलं. अन् खोटं कळतं तर ठेवता कशाला, पुसून टाका. आमच्या आप्पांनीही टाकला, खाली लगेच अंगठ्यांची रांग.

आधी "खोटं" चं बघू. ती खूण एवढंच सांगते की बाबा, हे कुठून घेतलं ते इथे लिहिलेलं नाही. खरं की खोटं यावर ती काहीच बोलत नाही. अन् विकिपीडियाच्या ऑफिसात बसून कोणी साहेब ती लावत नाही, संपादन दाबायचं, वाक्यापुढे दुहेरी महिरपी कंसात संदर्भ हवा टाइप करायचं, झालं. आप्पा, तुम्ही पण लावू शकता. कोणी लावली, कधी लावली ते "इतिहास पहा" मध्ये दिसतं (अन् तिथे गेलं की कळतं, काही खुणा निव्वळ भांडणातून लागलेल्या असतात).

आपल्याकडचंच घ्या. चाळीसगावजवळचं पाटणादेवी, म्हणजे तिथलं पाटण गाव. समजा कोणी लिहिलं, "भास्कराचार्यांचा जन्म पाटणला झाला", अन् पुढे खूण लागली. मेसेजवाल्याच्या हिशोबाने विषय संपला, खोटं. पण तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकातच उजेडात आणलाय, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला असं त्यात आहे, शके ११२८ चा उल्लेख आहे. म्हणजे मठाचं वाक्य या शिलालेखाच्या आधारावर उभं राहतं. जन्माचं मात्र राहत नाही, कारण भास्कराचार्य स्वतः आपल्या घराण्याचं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगतात आणि ते नेमकं कुठलं यावर वाद आहे, कोणी चाळीसगावकडे दाखवतं, कोणी बीड म्हणतं, कोणी विजापूर. मग वाक्य असं लिहायचं की जन्मगावाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, अन् प्रत्येक मताला त्याचा संदर्भ. खूण लागली म्हणूनच कोणीतरी एवढं शोधायला बसतं ना.

आता "खूण नाही म्हणजे पक्कं". मला विचाराल तर मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. २००५ मध्ये जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकारावरच्या विकिपीडिया लेखात कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं की केनेडी बंधूंच्या खुनात याच्यावर संशय होता, ते धडधडीत खोटं वाक्य काही महिने तसंच राहिलं. दुसरी गोष्ट याहून भारी. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका पोराने कोआटी नावाच्या प्राण्याला "ब्राझिलियन आर्डव्हार्क" पण म्हणतात असं घुसडलं, स्वतःच बनवलेलं नाव. पेपरवाल्यांनी विकिपीडियावरून उचललं, छापलं, मग त्याच छापलेल्या बातमीचा संदर्भ त्या लेखात लागला! म्हणजे आता संदर्भही आहे, अन् खोटं ते खोटंच. २०१४ पर्यंत चाललं हे. तेव्हा खूण नसली तरी खाली दिलेली लिंक उघडायची, तिथे ते खरंच लिहिलंय का बघायचं, अन् तारीखही बघायची, लिंक आधीची की विकीवरचं वाक्य आधीचं.

सगळ्या खुणा सारख्या नसतात हे पण मेसेजवाल्याला माहीत नसावं. इंग्रजी विकिपीडियावर "संदर्भ हवा" वेगळं, "हे नक्की कोण म्हणतं" वेगळं, आणि "दिलेल्या संदर्भात हे सापडलं नाही" ही आणखी वेगळी अन् जास्त गंभीर, कारण तिथे कोणीतरी लिंक उघडून पाहिलेली असते. खुणेसोबत महिना-साल असतं, ते बघत जा. काल लागलेली खूण आणि दहा वर्षं पडून असलेली खूण यांना सारखं वजन देऊ नका.

राहिलं "पुसून टाका". जिवंत माणसाची बदनामी होईल असं बिनसंदर्भाचं काही असेल तर हो, लगेच पुसायचं, तिथे खूण लावून वाट बघत नाहीत, नियमच तसा आहे. पण गावच्या यात्रेचं, जुन्या बारवेचं, गढीचं वाक्य? त्याचा आधार गुगलवर पहिल्या पानावर सापडणार नाही, तो १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये असू शकतो किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या कपाटात. आज खूण लावून ठेवलं तर उद्या तिथे जाणारा एखादा पोरगा पान नंबर घेऊन येईल. पुसलंच तर तो शोधणार काय, त्याला माहीतच नाही की असं काही कोणी म्हणत होतं.