‘बघणार तर मोबाईलवरच!’: कॅलिब्रेशनच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांतून आला. शेवटचा पाठवला तो गोरेगावात आमच्या शेजारच्या खोलीत बसून रील्स कापणाऱ्या पोराने. खाली त्याची स्वतःची एक ओळ होती : “दादा, हे खरं असेल तर मी ते पैसे एसएसडीत घालतो.”

मेसेज थोडक्यात असा. मॉनिटर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने पडद्याचे रंग मोजून ते ठरलेल्या मापावर आणणं, हा व्हिडिओ एडिटरांकडून पैसे उकळायचा धंदा आहे. एक, प्रेक्षक शेवटी मोबाईलवरच बघतो आणि कुणाचाच मोबाईल कॅलिब्रेट केलेला नसतो. दोन, हल्लीचे मॉनिटर कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन येतात, खोक्यावर ‘शंभर टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं असतं (एसआरजीबी म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यांसाठी ठरलेला रंगांचा संच). तीन, डोळा तयार असला की मशीन लागत नाही, शिवाय स्कोप, म्हणजे चित्राचा सिग्नल आलेखात दाखवणारी साधनं, आहेतच. चार, शंका आलीच तर शेजारी आयफोन धरून जुळवून घ्या. पाच, ज्यांनी कॅलिब्रेट केलं त्यांचाही रंग क्लायंटकडे बदललेलाच दिसतो, मग उपयोग काय?

पाचही मुद्द्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तो एवढा फिरतोय. त्या पोराला फोनवर समजवायला गेलो तर अर्धा तास गेला आणि त्याचं रेंडर संपलं. म्हणून आता लिहूनच काढतो.

मोबाईलचं आधी घेऊ. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहून आजूबाजूचे फोन बघा. एकाचा ब्राइटनेस तळाला, दुसऱ्याचा ‘व्हिव्हिड’वर, तिसऱ्याने डोळ्यांना बरं म्हणून पडदा पिवळा करून ठेवलेला, चौथ्याच्या स्क्रीनगार्डला तडे. सगळ्यांचे रंग चुकलेलेच आहेत, हे अगदी मान्य. पण ते चुकलेत चारी दिशांना. तुम्ही मधोमध उभे असाल तर कुणापासूनच फार लांब नसता. तुमचा मॉनिटर निळसर असेल तर तुम्ही नकळत चित्रात पिवळा वाढवता, आणि ज्याचा फोन आधीच पिवळा त्याच्याकडे तुमच्या नवरीला कावीळ होते. प्रेक्षकाच्या चुकीत तुमची चूक मिसळते. ती कमी होत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो माणूस त्याच फोनवर मालिका बघतो, मॅच बघतो, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती बघतो. हे सगळं ठरलेल्या मापाच्या मॉनिटरवर तयार झालेलं असतं. त्या फोनवर चेहरा कसा दिसतो, गवत कसं दिसतं, याची त्याच्या डोळ्याला सवय झालेली असते. त्या जाहिरातीच्या पाठोपाठ तुमचा व्हिडिओ येतो आणि त्याला काहीतरी खटकतं. काय ते त्याला सांगता येत नाही. “माझा फोन खराब आहे” असं तो म्हणत नाही. “कुठल्यातरी स्वस्तातल्या माणसाकडून करून घेतलंय” असं म्हणतो.

हे ‘मधोमध’ म्हणजे कुणाची आवडनिवड नाही. एचडी टीव्हीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रेक ७०९ ही शिफारस १९९० सालची आहे. तिच्यात लाल, हिरवा, निळा नेमका कुठला ते ठरलंय, आणि पांढरा म्हणजे डी६५, साधारण दिवसाच्या उजेडाचा पांढरा. पडद्याचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती गडद दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, २.४ धरायचा, हे त्याच संघाच्या २०११ च्या बीटी १८८६ या शिफारशीत आलं. मंद उजेडाच्या खोलीत पांढरा साधारण १०० निटवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवून काम करायचा रिवाज आहे. थिएटरचं गणित निराळं. तिथे पी३ हा आणखी मोठा रंगसंच, २.६ गॅमा आणि पडद्यावरचा पांढरा फक्त ४८ निट.

यातला १०० निटचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक रडगाणी त्यातून निघतात. नवा मॉनिटर खोक्यातून काढून लावला की बऱ्याचदा २५०-३०० निटवर झळकत असतो. त्याच्यावर अंधारातले सगळे तपशील स्वच्छ दिसतात. मग तुम्ही मूड यावा म्हणून चित्र आणखी खाली आणता, आणि क्लायंट फोन करतो : “काळोखात काही दिसतच नाही हो!” ब्राइटनेस मोजून खाली आणला तरी निम्मी भांडणं मिटतील.

आता खोक्यावरचा छापील मजकूर. ‘शंभर टक्के एसआरजीबी’ याचा अर्थ तो मॉनिटर तेवढे रंग दाखवू शकतो. ते बरोबर जागी दाखवतो असा नाही. पेटीला साडेतीन सप्तकं आहेत म्हणून ती सुरात आहे असं कुणी म्हणतं का? खोक्यात रिपोर्टचा कागद असतो, तोही बहुधा खराच असतो. पण तो त्या दिवशीचा, ठरावीक मोडचा, मोजक्या रंगांचा. त्यावर लिहिलेलं असतं, सरासरी डेल्टा ई २ पेक्षा कमी. डेल्टा ई म्हणजे दोन रंगांतलं अंतर. साधारण १ च्या आसपास डोळ्याला फरक जेमतेम कळायला लागतो. सरासरी दीड असताना एखादा रंग ५ वर असू शकतो, आणि तो नेमका कातडीचा निघाला तर सरासरीचं लोणचं घालायचं का? शिवाय मॉनिटर घरी आल्यावर पहिल्याच रात्री आपण ‘मूव्ही मोड’ लावतो, ब्राइटनेस चढवतो आणि त्या कागदाशी असलेला संबंध तोडतो. पुढे बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, म्हातारा होत जातो, ते वेगळंच.

महागडा, जास्त रंग दाखवणारा मॉनिटर घेतला की उलटी फजिती होते. त्याचा लाल पी३ च्या टोकापर्यंत जातो. त्याला कुणी आवरलं नाही तर रेक ७०९ चं चित्रही तो भडक करून दाखवतो. तुम्ही ते डोळ्याला सोसवेल इतकं खाली आणता, आणि बाहेर गेल्यावर गणपतीचा शेंदूर विटेवर उतरतो. भाजीवाल्याचा काटासुद्धा ठरावीक मुदतीने वैध मापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. कारखान्यातून बरोबर निघाला होता, एवढं कारण तिथे चालत नाही.

‘डोळा तयार असला की झालं’ हा मुद्दा मी स्वतः बरीच वर्षं छाती फुगवून सांगत असे. मग एका वर्षी आमच्या बिल्डिंगचं रिपेरिंग निघालं. बाहेरून बांबूची परांची, तिच्यावरून हिरवी जाळी. चार महिने खोलीत दिवसाही एक हिरवट उजेड भरलेला असायचा. पहिल्या दोन दिवसांनंतर तो मला दिसायचाच बंद झाला.

त्या काळात एका लग्नाचं काम होतं. पडद्यावर सगळे चेहरे मला उगाच गुलाबी वाटायचे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स चुकला असेल म्हणून मी प्रत्येक शॉटमध्ये चिमूटभर हिरवा घालत गेलो. दोन दिवस बसून अगदी मन लावून घातला. व्हिडिओ गेला आणि मुलीच्या वडिलांचा फोन आला. रागावले नाहीत बिचारे. फक्त म्हणाले, “हळदीला सगळी मंडळी आजारी का दिसतायत? आणि हळद अशी शेवाळ्यासारखी?” मी फाइल बहिणीकडे, अंधाऱ्या खोलीतल्या टीव्हीवर लावली आणि मान खाली घातली. अख्खं काम फुकटात पुन्हा करून दिलं.

झालं असं होतं की डोळ्याने हिरव्या उजेडाला पांढरं मानून टाकलं होतं, म्हणून खरा पांढरा त्याला गुलाबी दिसत होता. हा डोळ्याचा दोष नाही, उलट हाच त्याचा गुण. दुपारच्या उन्हात आणि पिवळ्या बल्बखाली आपल्याला सदरा पांढराच दिसतो तो याच्याच जोरावर. दोन रंग शेजारी ठेवले तर त्यांतला फरक डोळा फार बारीक ओळखतो. पण एकटा रंग समोर ठेवून ‘हा पांढरा आहे का’ विचारलं की तो खोलीला विचारून उत्तर देतो. अनुभवाने हे सुटत नाही. मोजणारं यंत्र खोलीला विचारत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

आणि हो, मेसेजवाल्याला एक मुद्दा मीच देतो : त्या चार महिन्यांत माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला असता तरी मी फसलोच असतो. खोली सुधारल्याशिवाय मॉनिटर सुधारून भागत नाही. पडदे, राखाडी भिंत, मॉनिटरच्या मागे डी६५ च्या जवळचा मंद दिवा, हेही त्याच कामात येतं. पण त्यावरून ‘यंत्र नको’ हे कसं निघतं?

स्कोपचं म्हणाल तर ते हवेतच. कॅलिब्रेट न केलेल्या मॉनिटरवर स्कोप बघून काम करणारा माणूस मला नुसत्या डोळेवाल्यापेक्षा केव्हाही परवडला. पण स्कोप सिग्नल मोजतो. पडदा त्या सिग्नलचं काय करतोय, हे त्याला ठाऊकच नसतं. व्हेक्टरस्कोपवर रामा आणि मोरपंखी यांच्यातला कोन जरासाच सरकतो; साडी नेसणारीला विचारा त्यात किती अंतर असतं ते. तो निर्णय शेवटी पडद्याकडे बघूनच होतो.

आयफोनबद्दल थोडक्यात. फोन वाईट नाही. बऱ्याच स्वस्त मॉनिटरांपेक्षा तो बरा आहे. पण २०१७ च्या आयफोन ८ पासून त्यात ट्रू टोन आहे, म्हणजे तो खोलीच्या उजेडाप्रमाणे आपला पांढरा बदलतो. माझ्या हिरव्या जाळीत तो माझ्याइतकाच फसला असता. ट्रू टोन, नाइट शिफ्ट, ऑटो ब्राइटनेस सगळं बंद केलं तरी ओएलईडी आणि एलसीडी या दोन जातींच्या पडद्यांचा प्रकाश मुळात वेगळा. यंत्राने दोन्हींचा पांढरा सारखाच मोजला तरी डोळ्याला ते वेगळे दिसू शकतात, आणि मला जेवढे वेगळे दिसतील तेवढेच तुम्हाला दिसतील असंही नाही. शेवटची नजर टाकायला फोन उत्तम. त्याच्याशी मॉनिटर जुळवत बसणं म्हणजे एका घड्याळावरून दुसरं लावणं आणि पहिलं कुणी लावलं ते न विचारणं.

उरला पाचवा मुद्दा, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कॅलिब्रेट करूनही रंग बदलतो हे लोकांनी अनुभवलेलं आहे. बऱ्याचदा कारण असं की कॅलिब्रेशन झालं, पण लागूच झालं नाही. यंत्र पडद्याला चिकटवून जे तयार होतं ते असतं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल. ते वाचायचं की नाही हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. फोटोशॉप वाचतं. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंटची खूण करावी लागते. रिझॉल्व्ह या एडिटिंग-रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅकवर त्यासाठी वेगळा पर्याय आहे. विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर ते प्रोफाइल बघतच नाही. ग्राफिक कार्डात लोड झालेला पांढऱ्या-करड्याचा तोल तेवढा लागू पडतो, पण मघाचा तो पी३ चा भडक लाल तसाच मोकाट राहतो. भरीला ॲपलचं क्विकटाइम. रेक ७०९ म्हणून टॅग केलेली फाइल ते साधारण १.९६ गॅमा धरून दाखवतं, म्हणून रिझॉल्व्हमध्ये घट्ट दिसलेलं चित्र तिथे धुतल्यासारखं होतं. त्यात कुठेतरी १६-२३५ चा (काळा १६ वर, पांढरा २३५ वर असलेला) सिग्नल ०-२५५ समजून दाखवला गेला की काळा राखाडी होतो. ही सगळी पापं मग कॅलिब्रेशनच्या नावावर जमा होतात.

यावरचा धोपटमार्ग म्हणजे चित्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात द्यायचंच नाही. डेकलिंक कार्ड किंवा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी सारख्या डबीतून सिग्नल थेट मॉनिटरला द्यायचा आणि दुरुस्ती ३डी लटमध्ये (एलयूटी, म्हणजे कुठल्या रंगाच्या जागी कुठला दाखवायचा याचा तक्ता) करायची. ३३ घरांच्या लटमध्ये ३५,९३७ ठिकाणी रंगाची जागा नोंदवलेली असते. ती लट काही मॉनिटरांच्या पोटात बसते, नाहीतर रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ मॉनिटरच्या रकान्यात टाकता येते. तेवढं बजेट नसेल तर निदान रिझॉल्व्हच्या व्ह्यूअरसाठीची लट तरी बनवून घ्या. आर्गाइल सीएमएस आणि त्यावर बांधलेलं डिस्प्लेकॅल फुकट मिळतात आणि प्रोफाइल व लट दोन्ही बनवून देतात.

‘धंदा’ हा शब्द मात्र मी पूर्ण खोडणार नाही. लॅपटॉप घेऊन येणारे, वीस मिनिटं यंत्र चिकटवून ‘आधी-नंतर’चं चित्र दाखवणारे आणि प्रोफाइल टाकून पैसे घेऊन जाणारे मीही पाहिलेत. त्यांना तीनच प्रश्न विचारा. गॅमा कुठला धरला, २.२ की २.४, आणि माझ्या खोलीचा उजेड बघून धरला का? सॉफ्टवेअरमध्ये माझ्या बॅकलाइटचा प्रकार निवडला का? आणि हे मी ज्यात काम करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये लागू होतं हे दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो लॅपटॉप आवरायला लागेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

त्या पोराला मी सांगितलं ते असं. लाखांचा रेफरन्स मॉनिटर तुला नकोय, मलाही परवडत नाही. मधल्या दर्जाच्या मोबाईलच्या किमतीत चांगलं यंत्र येतं, आणि आपल्या मजल्यावर आपण चार जण आहोत. वर्गणी काढू. महिन्यातून एकदा, मॉनिटर अर्धा तास तापवून, प्रत्येकाने आपापला मोजायचा. तुझं काम रील्सचं आणि खोलीत दिवा लागलेला, तू २.२ धर. एसएसडी पुढच्या महिन्यात घे.

फक्त यंत्र या आठवड्यात आणू. पाऊस तोंडावर आलाय. एकदा का सोसायटीने गळतीसाठी आपल्या खिडक्यांवरून निळी ताडपत्री सोडली की आपल्याला सगळं पिवळं दिसायला लागेल, आणि या वेळी निळा घालत बसणारे आपण चौघं असू.