गोल मोटरचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेले आठ दिवस आमच्या मालवणातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, की गोल मोटरचा, म्हणजे आतला फिरणारा भाग चेंडूसारखा असून कुठल्याही दिशेला फिरणाऱ्या मोटरचा, नवीन शोध लागलाय, आता गाडीला चेंडूचे टायर येणार, एक्सल नको गिअर नको, बोटीचा पंखा पण जाणार आणि लाईट निम्मीच लागणार. मी मोटर रिवाइंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवीन तार भरतो. आयटीआयचा एक मुलगा दुकानात येऊन विचारायला लागला की मग हे काम शिकू की नको, म्हणून लिहायला बसलो.

नवीन शोध? इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या विल्यम्स, लेथवेट, ईस्टहॅम या इंजिनिअरांचा गोल रोटरच्या (रोटर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग) इंडक्शन मोटरवरचा पेपर १९५९ चा आहे. आणि मेसेजमधला चेंडूचा टायर म्हणजे गुडइयरने २०१६ ला जिनिव्हाच्या शोमध्ये मांडलेली नुसती कल्पना, तो बाजारात नाही.

खरी चालणारी वस्तू बघायची तर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात राल्फ हॉलिस यांचा सिमबॉट आहे, एका गोळ्यावर तोल सांभाळत उभा राहणारा रोबोट, गोळा आतून लोखंडाचा वरून तांब्याचं कवच, भोवती सहा स्टेटर (म्हणजे न फिरणारा, तारेच्या वेटोळ्यांचा भाग), तांब्यात करंट उठतो आणि गोळा हव्या त्या दिशेला फिरतो, म्हणजे तत्त्व आपल्या विहिरीवरच्या पंपाचंच. मला हे काम फार आवडतं. पण तिथे रोटरच जमिनीला टेकतो हो, आणि स्टेटर न् गोळ्यातली गॅप बारीक ठेवावी लागते, गॅप वाढली की ताकद गेली. जुन्या बॉलवाल्या माऊसमध्ये कचरा अडकायचा आठवतंय ना? आता आपला जुलैतला तांबडा चिखल आणि किनाऱ्याची वाळू डोळ्यासमोर आणा.

लाईटचं तर उलटंच आहे. साध्या मोटरचा स्टेटर रोटरला पूर्ण वेढतो, इथे गोळ्याचा थोडाच भाग कामाला येतो, मग निम्म्या लायटीत काम कसं होणार?

बोटीचा पंखा एकाच अक्षावर फिरतो, त्याला दहा दिशा कशाला हव्यात, आणि पाण्यात नुसता गोळा फिरवला तर पाणी मागे ढकलायला पाती कुठे आहे?

दिशा बदलायची असते तिथे या गोल मोटरचं काम. रोबोटचा खांदा, कॅमेऱ्याचा डोळा. उपग्रह वळवायला सहसा त्याच्या आत फिरणारी तीन-चार चाकं लागतात, त्यांच्याजागी चुंबकावर तरंगणारा एकच गोळा चालेल का यावर स्वित्झर्लंडमध्ये काम झालंय.

त्या मुलाला सांगितलंय, सोमवारी ये, बर्फाच्या फॅक्टरीची मोटर उघडायची आहे, गॅप म्हणजे काय ते फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तुझ्या हातानेच मोज.